हातभर सांधा

फोन आला तेव्हा मुखरूच्या डब्यात फायबरच्या टाकीसाठी रेझिन कालवून झालं होतं. हार्डनर टाकला होता, ब्रश डब्यात उभा होता. हार्डनर पडल्यावर रेझिन दगड व्हायला लागतं, कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे अशा वेळी तो कुणाचा फोन घेत नसे. पण नाव आशाबाईचं होतं. आशाबाई म्हणजे त्याच्या बायकोची, इंदूची, धाकटी बहीण. तिच्यासोबतच इंदू त्या पहाटे वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेला गेली होती. पलीकडे भोंग्यावर कुणाचा तरी हरवलेला म्हातारा पुकारत होते. "भाऊजी, ताई उठून नाई राह्यली," आशाबाई म्हणाली. "झोपली असन," मुखरू म्हणाला, "पहाटपासून जागी हाये ते." "नाई जी. आंघोळ केली, रेतीवर बसली, म्हणे जरा पडू दे मले. आता उठून नाई राह्यली." "डॉक्टरले बोलाव ना मंग." "आणला. तो काईच बोलून नाई राह्यला. नुसता उभा हाये."

मुखरूने फोन खिशात ठेवला आणि आधी डब्याकडे पाहिलं. डबा गरम झाला होता, कडेला रेझिन दाटायला लागलं होतं. त्याच्या मनात आलं, एवढं रेझिन वाया जाणार. बायको नदीच्या रेतीवर पडली आहे आणि आपल्याला रेझिन आठवतं, याचं त्याला नंतर वाईट वाटलं नाही, नवल वाटलं. मन बैलासारखं असतं, मालक मेला तरी शेताच्या रोजच्या बांधावरून चालत जातं, असं काहीसं. शेजारचा ताडपत्रीवाला नूर मोहम्मद गाडी घेऊन आला. रस्त्यावरची मूल, सावली ही गावं गेली, धान कापून मोकळ्या झालेल्या भाताच्या बांध्या गेल्या. इंदूचं हृदय बंद पडलं, असं कागदावर आलं. सगळे दिवस उरकून तो चंद्रपूरजवळ पडोलीच्या आपल्या शेडमध्ये परत आला तेव्हा डब्यात मधासारख्या रंगाचा दगड झाला होता आणि त्यात ब्रश उभाच होता. तो डबा त्याने खिडकीच्या फळीवर ठेवला. वर्ष झालं. फेकावासा वाटला नाही, आणि ठेवावासा वाटला असंही नाही. तो तिथे होता एवढंच.

आता पुन्हा माघ संपत आला होता आणि शेडच्या दारात लोकेशची पांढरी गाडी येणार होती. जंगलाच्या रस्त्यावर लोकेशचं रिसॉर्ट होतं. मुखरूने त्याला तीन वर्षांपूर्वी फायबरचा हत्ती करून दिला होता, सोंडेतून पाणी उडवणारा. आता त्याला बोट पाहिजे होती. शेडमध्ये टाक्या होत्या, कूलरच्या बॉड्या होत्या, एका देवळाचा अर्धा कळस होता, आणि या सगळ्यांना भिंतीकडे रेटून मधोमध, ट्रकच्या जुन्या टायरांवर, बावीस फुटांची शिडाची बोट उभी होती. चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीने तिचा पांढरा डेक राखाडी झाला होता. वर्षभरात त्याने तो एकदाही पुसला नव्हता. इंदू असताना रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची, आणि पुसता पुसता म्हणायची, "पाण्यात जाईल तवा जाईल, पण घरात तं साफ राह्यली पाहिजे."

बोट तिने मागितली होती असंही नाही. एका बागेच्या तळ्यासाठी मुखरू पायडलच्या बदकबोटी करत होता, त्या कामासाठी मुलीने, दिव्यानीने, मोबाइलवर व्हिडिओ काढून दिले होते. त्यात कुठल्या तरी देशातलं एक म्हातारं जोडपं होतं. फायबरच्या बोटीतच राहत होतं. बाई आत पोळ्यांसारखं काही भाजत होती, म्हातारा बाहेर सुकाणू धरून बसला होता. इंदूने तो व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, मग नदीवर धुणं वाळत घालणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "घर ना डोंगा एकच केला यायनं." तिचा बाप वैनगंगेवर डोंगा चालवायचा. सागाचं एकच खोड कोरलेला डोंगा, माणसं अलीकडून पलीकडे. पूल झाला आणि डोंगा काठावर उलटा पडून सडला. ती त्याच डोंग्याच्या सावलीत खेळून मोठी झाली होती आणि मग चंद्रपुरात येऊन टाकीवाल्याची बायको झाली होती. मुखरूला पाण्याची माहिती होती ती टाकीत भरण्यापुरती. त्याला पोहता येत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला नदीत घेऊन गेली तेव्हा तो गुडघ्याएवढ्या पाण्यात तिचा हात धरून उभा राहिला होता, आणि तिने ते साऱ्या माहेराला सांगितलं होतं.

तशी बोट करायची असं दोघांत ठरून गेलं आणि दिव्यानीने तिचा नकाशा मिळवून दिला. कागदावर नुसते आकडे होते, कुठल्या ठिकाणी बोट किती रुंद, किती खोल. मुखरूने ते खडूने शेडच्या जमिनीवर उतरवले, ठिपका ठिपका करून, आणि ठिपके बांबूच्या कमचीने जोडायला घेतले. त्याची रेघ दर वेळी कुठेतरी मोडायची. इंदू ताटलीतले भिजवलेले पोहे खात उभी होती. "ठिपका चुकला तुमचा," ती म्हणाली. "नकाशात तसाच हाये." "मंग नकाशा चुकला. कमची तिकडे जाऊन नाई राह्यली, तुम्ही काऊन तिले मारून राह्यले?" तिने कमची सोडून दिली, ती आपसूक जिथे बसली तिथे रेघ ओढली. नंतर पाहिलं तर मुखरूने आकडा उलटा वाचला होता. तेव्हापासून बोटीचं कुठलंही माप तो तिला विचारल्याशिवाय धरत नसे. ती मापं सांगायची नाही, प्रश्न विचारायची. पाणी उतरलं तर? वैनगंगा दिवाळीनंतर आटत जाते, रात्रीतून डोंगा रेतीवर टेकतो आणि कलंडतो, आतलं सगळं सांडतं. नकाशातल्या बोटीला पोटाखाली एकच खोल पातं होतं. इंदू म्हणाली, हिले दोन पाय पाहिजे. दिव्यानीने शोधलं तर तशा बोटी खरंच असतात, पोटाला दोन बाजूंनी दोन आखूड पाती, ओहोटीला चिखलावर गायीसारख्या उभ्या राहतात. मग दोन पाती झाली, त्यांत लोखंडाचा चुरा आणि सिमेंट भरलं, बोट वाऱ्याने आडवी झाली तरी वजनाने परत उठावी म्हणून. पूल आला तर? मग डोलकाठी बुडाशी बिजागरीवर बसवली, दोर सैल केला की निजते. मी उभी कुठं राहीन? मग खोलीची उंची तिच्या डोक्यावर चार बोटं एवढी धरली. मुखरूला आत वाकून चालावं लागायचं. "राहू द्या," ती म्हणायची, "घरात माणसानं जरासं वाकून राह्यलं तं बरंच असते."

पण सगळ्यात मोठी चूक मुखरूची होती, आणि ती टाकीवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही अशी होती. टाकी आतून गुळगुळीत पाहिजे. म्हणून टाकीवाला साच्याच्या अंगावर आधी चकचकीत पांढरा थर मारतो, त्यावर काचेची चटई आणि रेझिनचे थर चढवत जातो, आणि साचा काढला की टाकीचं आतलं अंग आरशासारखं निघतं. बाहेरून कशीही असली तरी चालते, छतावर कोण पाहतो. आयुष्यभर हात तसाच वळलेला. बोटीचा बांबूचा साचा उभा केला, प्लायवूड ठोकलं, मेण घासलं, आणि कसलाही विचार न करता मुखरूने पांढरा थर आधी मारला. सगळे थर झाले, नूर मोहम्मदने ट्रकवाले चार जण बोलावले, बोट उलटली, साचा ओढून काढला. आतून बोट आंघोळीच्या टबासारखी लकाकत होती. बाहेरून फणसासारखी. इंदू बोटीभोवती एक चक्कर मारून आली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, हसता हसता टायरवर बसली. "अवो, जिंदगीभर पाणी आत ठेवलं तुम्ही. हिले बाहेर ठेवाचं हाये." नूर मोहम्मद म्हणाला, "मुखरूभाऊ, असं कर, नदी आत भर ना तू बाहेर बस." त्या हसण्याचं पुढे सगळ्या हिवाळ्याचं काम झालं. बाहेरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, लांब फळीला घासकागद लावून दोघांनी दोन बाजूंनी धरून घासायचं. नाकातोंडाला दुपट्टे बांधून. अंगाला काचेची खाज. रात्री अंगणात ती त्याच्या पाठीवर नारळाचं तेल चोळायची आणि म्हणायची, "फणस सोलून राह्यलो आपण." नंतर कुणी कुणी म्हणालं, ती धूळच बाधली असेल. मुखरूने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही. तो प्रश्न तरीही त्याच्याजवळ राहिला, खाजेसारखा. दिसत नाही, बोट ठेवून दाखवता येत नाही, पण कपडा घासला की जाणवतो.

गुळगुळीत अंगाचा दुसरा ताप तर त्याहून मोठा होता. फायबरची बोट दोन शकलांत होते, खालचं पोट आणि वरचा डेक. डेक पोटावर ठेवला की सगळीकडून आतल्या बाजूने चटईची पट्टी लावून सांधा भरायचा असतो. पण गुळगुळीत फायबर नवं फायबर धरत नाही. आधी खरवडून त्याला खरखरीत करावं लागतं. बोट बाहेरच्या साच्यात केली असती तर आतलं अंग आपसूकच खरखरीत राहिलं असतं. आता सबंध सांधा, दोन्ही कडांनी, आत उताणं पडून डोक्यावर हात करून, घासकागदाने खरवडायचा आणि मग पट्टी लावायची. मागच्या बाजूला मुखरू मावत होता. पुढे बोट निमुळती होत जाते, तिथे आधी दोघांना निजायची फळी, मग एक आडभिंत, तिला वाकून शिरण्यापुरतं भोक, आणि आत नांगराचा दोर ठेवायची कोठडी. त्या भोकातून मुखरूचे खांदे जात नव्हते. इंदू जात होती. तिचे पाय बाहेर दिसायचे, घोटे पांढऱ्या धुळीने माखलेले, आणि आतून आवाज यायचा, "पट्टी द्या. ओली करून द्या. थेंब पडून राह्यले माह्या कपाळावर." रोज हात दीड हात सांधा पुढे जायचा. जत्रेच्या आदल्या दिवशी एकदम टोकाला हातभर जागा राहिली होती. तिने ती खरवडून ठेवली, बाहेर आली, केस झटकले. "मार्कंड्याहून आली की लावतो," ती म्हणाली. माहेरची बोली तिने कधी सोडली नाही. तिकडे बायाही असंच बोलतात.

लोकेश आला. तरणा, हसतमुख, पायात स्वच्छ बूट. शेडच्या वासाने त्याने नाकाशी हात नेला आणि लगेच खाली घेतला. बोटीभोवती फिरला, डेकवर चढला. पायाखाली खरखर लागली तसा थांबला. "हे काय काका, सँडपेपर लावला का?" "रेती हाये. ओल्या रंगावर पेरली. पाय घसरत नाई." रेती इंदूने वैनगंगेची आणली होती आणि पिठाच्या चाळणीने चाळली होती, पण हे मुखरूने सांगितलं नाही. लोकेश मागच्या बसायच्या हौद्यात उतरला, तिथल्या तळाच्या दोन भोकांत करंगळी घालून पाहिली. त्या भोकांवरून सुद्धा किती दिवस भांडण चाललं होतं. टाकीवाल्याने स्वतःच्या हाताने तळाला भोक पाडायचं म्हणजे काय. हौद्यात लाटेचं पाणी आलं की आपोआप नदीत परत जावं म्हणून ती भोकं, हे कळूनही ड्रिल हातात धरल्यावर मुखरूला बटण दाबवलं नव्हतं आणि शेवटी ते इंदूने दाबलं होतं. लोकेश आत उतरला. शेगडीला हात लावला, ती झुलली. "ही हलते काऊन?" "बोट हलली तरी शेगडी सपाट राह्यते. दोन खुंट्यांवर टांगली हाये." लोकेशला ते फार आवडलं. त्याने शेगडी दोनतीन वेळा झुलवली, लहान मुलाच्या पाळण्यासारखी, आणि मुखरूला वाटलं याचा हात धरावा.

"काका, एकदम मस्त," लोकेश म्हणाला. "मी सांगतो कसं करू. लॉनवर उभी करू, खालून लाइट. हे बाजूचं कापून मोठी काच लावू, आत चार टेबलं. टुरिस्ट लोकं वाघ पाहून येतील ना, इथे बसून जेवतील. जंगलात बोट, कोणाकडेच नाही." मुखरूने विचारलं, "पाण्यात?" "पाण्यात कशाले? पाणी कुठे आहे तिथे." "पुढच्या टोकाले सांधा राह्यला हाये अजून. हातभर. तो लावल्याशिवाय पाणी येईल आत." लोकेश हसला, वाईट हसला नाही. "लॉनमध्ये पाणी कुठून येईल, काका?" "पावसाचं येईल." "मग वरून सिलिकॉन मारू. पाच मिनिटांचं काम." दारात नूर मोहम्मद येऊन उभा होता, खांद्यावर टेप, बोटांत सुई टोचू नये म्हणून चामड्याचा तुकडा बांधलेला. तो म्हणाला, "लोकेशबाबू, उसका शीड भी बना के रखा है मैंने. कोयल्याच्या गाड्यांच्या ताडपत्र्या सोडून शिवलं. वो भी ले जाओ, नॅपकिन कापून टाका त्याचे." लोकेशला ते टोचलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, "चाचा, आपण शीड पण लावू ना, शोसाठी. वारा येतोच तिकडे." मग मुखरूकडे वळून, आवाज खाली घेऊन, "ताईशी बोललो मी फोनवर. दिव्यानीताईशी. त्या म्हणाल्या, बाबा एकटे असतात, त्या शेडमध्येच बसून राहतात. द्या म्हणाल्या."

दिव्यानी नागपूरला असते. तिने मुखरूलाही हेच सांगितलं होतं. "बाबा, देऊन टाका ना. लेकरं फोटो काढतील, आईले आवडलं असतं." "तुय्या आईले फोटो आवडत नव्हते." "मंग तुम्ही काय करणार हाये तिचं? तुम्हाले पोहता येत नाई, बाबा." हे खरं होतं. दोघांनी मनात आखलेला रस्ताही काही फार लांबचा नव्हता. मार्कंड्याच्या घाटापासून निघायचं, जिथवर पाणी जाऊ देईल तिथवर. पुढे नदी अडवणारं बॅरेज आहे हे इंदूला माहीत होतं, खाली प्राणहिता, तिच्या खाली गोदावरी, तिथेही बांधलेलंच. समुद्रात जाऊ असं ती कधी म्हणाली नाही. नूर मोहम्मद चिडवायचा, "भाभी, चंद्रपुरात समुंदर कवा येनार हाये?" तर म्हणायची, "मले समुद्र काय कराचा हाये? खारं पाणी. चार दिवस नदीत निजून पाहाचं हाये." एवढंच. चार दिवस, दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या बोटीत, झुलत्या शेगडीवर चहा. मुखरूच्या भीतीचा प्रश्न तिने कधी काढला नव्हता. तिला वाटत असावं, मी आहे ना.

"जरा थांब," मुखरू लोकेशला म्हणाला आणि बोटीत उतरला. मोबाइलचा दिवा लावून पुढे गेला, निजायच्या फळीवर गुडघे टेकून आडभिंतीच्या भोकात आधी एक हात घातला, मग डोकं, मग खांदा तिरका करून दुसरा. वर्षभरात तो बराच वाळला होता. खांदे गेले. हे त्याला अपेक्षित नव्हतं. मनात तो कायम बाहेर राहणाराच होता. आत वास नव्हता, नुसती कोंडलेली थंड हवा. दिव्याच्या उजेडात डोक्यावर तिने लावलेला सांधा दिसत होता, दोन्ही बाजूंनी येऊन टोकाकडे जवळ जवळ सरकत गेलेला. पट्टी एकसारखी नव्हती. थकली की तिचा हात डावीकडे उतरायचा, ते जागोजागी दिसत होतं. आणि मग हातभर जागा, पट्टी नसलेली. पांढऱ्या चकचकीत अंगावर घासकागदाचे ओरखडे. गोल गोल, एकात एक, भाकरी थापताना फिरणाऱ्या हातासारखे. मुखरूने त्यावर तळहात ठेवला. ओरखडे लागले.

चाळीस वर्षं फायबर घासलेला हात होता, त्याला लगेच कळलं. यावर पट्टी धरणार नाही. वर्ष झालं, ओरखड्यांत धूळ बसली, ओल बसली. आता हे सगळं नव्या कागदाने पुन्हा घासावं लागेल, हे ओरखडे जाईपर्यंत, आणि मग अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावं लागेल. तेव्हाच नवं फायबर धरेल. तसं न करता लावली तर वरून दिसायला सांधा दिसेल आणि पहिल्या लाटेला सुटेल. लोकेशच्या लॉनवर मात्र काहीच करावं लागणार नव्हतं. तिथे हे असंच राहिलं असतं, दिव्यांच्या झगमगाटात, जेवणाऱ्या माणसांच्या पुढे, कोणाला न दिसता. ती जशी सोडून गेली तसं. मुखरू उताणा पडून याचा विचार करत राहिला. बाहेर लोकेश नूर मोहम्मदला शिडाच्या कापडाबद्दल काही विचारत होता. विचार पुरता झाला असं मुखरूला वाटलं नाही. पण पाठीखाली बोट घट्ट होती, आणि एकदा त्याने पाय हलवला तेव्हा टायरांवर ती किंचित डोलली, आणि मागे कुठेतरी शेगडी खुंट्यांवर एकदा हलून सपाट झाली. त्याने ते ऐकलं.

बाहेर निघायला आत शिरण्यापेक्षा जास्त त्रास झाला. अंगातली गंजी वर सरकली, पोट खरचटलं. तो डेकवर उभा राहिला तेव्हा केसांत पांढरी धूळ होती. "नाई जमत, बाबू," तो लोकेशला म्हणाला. "तुले दुसरी करून देतो. लॉनसाठी. हिच्याहून मोठी दिसन अशी, आत पाहिजे तेवढे टेबल." "काका, पण ही तर पडूनच आहे ना." "हे पाण्यात जाणार हाये." "कवा?" मुखरूने केसांतली धूळ झटकली. लोकेश म्हणाला, ताईंना तुम्हीच सांगा, आणि गाडीत बसला. नूर मोहम्मद दाराला टेकून होता. "पोहता तं येत नाई तुले," तो म्हणाला. "तू येशीन ना संग?" "मैं? मले तं आंघोळ कराले भी भ्याव वाटते." दोघेही हसले नाहीत, पण हसण्यासारखं काहीतरी झालं. मग नूर मोहम्मद आपल्या ताडपत्र्यांकडे गेला आणि त्याचं शिलाईचं यंत्र सुरू झालं.

मुखरूने ओलं फडकं घेतलं आणि डेक पुसायला सुरुवात केली. राखाडी पाणी दोन्ही कडांनी गळत राहिलं. रेतीच्या कणांत कोळसा बसला होता, तो निघेना, तिथे ब्रश घ्यावा लागला. संध्याकाळपर्यंत अर्धा डेक पांढरा झाला. मग त्याने काचेच्या चटईची हातभर पट्टी कापली, मापाला दोन बोटं जास्त, आणि निजायच्या फळीवर ठेवली. शेजारी नवा घासकागद, नवा ब्रश, रिकामा डबा. जुना डबा खिडकीच्या फळीवरच होता. त्याने तो उचलला नाही. दिव्यानीला फोन करायचा राहिला होता. उरलेला डेक पुसायचा होता. आणि पुढच्या टोकाचे ओरखडे घासून काढून, तिथे पट्टी लावायची होती. ते काम अजून झालेलं नाही.